उठताना हात कुठे ठेवता?

सोमवार, ३ मार्च

ही वही धाकटीने गेल्या वाढदिवसाला दिली होती. "बाबा, डोक्यात कोंबून ठेवता ते सगळं इथे लिहा." वर्षभर ती कपाटाच्या आखूड पायाखाली होती. आज काढली, कारण आजचं डोक्यात मावत नाही. कपाट डुलतंय. डुलू दे.

सकाळी दुकानात वृद्धनिवासाच्या मेट्रनबाई आल्या. साठ खाटा, साठ गाद्या, आणि प्रत्येक गादी झोपणाऱ्याच्या अंगाला बेतून. एवढं मोठं काम आमच्या उंबऱ्यावर कधी आलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो, तर बाईंनीच मला हाताने खाली बसवलं.

"आधी अट ऐका. माझ्या लोकांच्या खोल्यांमधून बाहेरचा माणूस फिरलेला मला चालत नाही. प्रश्न तुम्ही पाठवा, आम्ही टॅबवर उत्तरं भरून देतो. पहिल्यांदा बारा जणांचं बघू. पटलं तर साठच्या साठ तुमच्या. नाही पटलं तर मी तयार गाद्या उचलते, सगळ्या एका साच्याच्या."

म्हटलं, "बाई, गिऱ्हाइकाशी बोलल्याशिवाय मी गादी करत नाही."

"मग नका करू," म्हणाल्या, आणि नमुन्याची गादी दाबून बघत उभ्याच राहिल्या. म्हणजे जायचं त्यांनाही नव्हतं.

मी हो म्हणालो. म्हणायलाच हवं होतं. चारातली दोन शिलाई यंत्रं महिनाभर कापड टाकून झाकलेली आहेत. नऊ बायका कामाला आहेत आणि काम पाच जणींपुरतं. मी कुणाकडे बोललो नाही, पण मावशींपासून काय लपतंय? त्या शिलाईच्या मुख्य, दुकान उघडलं त्या दिवसापासूनच्या. परवा दाभणात दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "मालक, माणसं कमी करायची वेळ आली तर माझ्यापासून सुरुवात करा. पोरींच्या मागे लहान मुलं आहेत. माझ्यामागे कोण आहे?"

"मी आहे ना, दिवसभर कटकट करायला."

हसल्या. पण एरवी एका झटक्यात ओवला जाणारा दोरा तिसऱ्या खेपेला गेला.

मंगळवार, ४ मार्च

शटर वर करायच्या आधी अर्धा तास मिळतो, तेव्हा लिहितोय.

माझं सगळं दुकान कानावर चाललंय, हे आधी नोंदवून ठेवतो. डोक्यावरून गाद्या वाहायचो तेव्हापासून ऐकत आलोय. माणूस नमुन्याच्या गादीवर बसला की तोंडातून एक आवाज निघतो. 'हं' म्हणणारा नुसता बघायला आलेला असतो. 'अहाहा' म्हणणारा दमलेला असतो, त्याला काहीही चालतं. 'आई गं' म्हणणाऱ्याला खाली काथ्या आणि वर बेताचा फोम. आणि जो मुळीच आवाज काढत नाही, त्याचं सगळ्यांत जास्त दुखत असतं. तो दात दाबून बसलेला असतो. त्याच्याशी मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो आणि मधेच खरं विचारतो.

आता हे टॅबला कसं शिकवायचं?

दुपारी धाकटीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात कुठल्याशा कंपनीत असलीच कामं करते. म्हणाली, "बाबा, एक साधन आहे. कोड लिहावा लागत नाही. प्रश्नांचे डबे ओढून ठेवायचे आणि नियम लावायचे. सगळ्यांना सगळे प्रश्न दाखवायचे नाहीत. पहिल्याचं उत्तर बघायचं, त्यावरून दुसरा दाखवायचा, नाहीतर झाकून ठेवायचा."

"हे तर मी तीस वर्षं करतोय."

"तेच म्हणते. फक्त आता ते तुम्हाला आधी ठरवावं लागेल."

इथेच खरी अडचण आहे. मी काही आधी ठरवत नाही. माणूस बसला की ठरतं.

गुरुवार, ६ मार्च

काल दिवसभर टॅबवर बोटं मारली. नियमाच्या डब्यात वाक्य अर्धं तयार असतं: 'हा प्रश्न दाखवा, जर…' पुढचं आपण भरायचं. हा प्रश्न दाखवा, जर 'पाठ दुखते का?' याचं उत्तर 'हो' असेल. लावला. 'हो' दाबलं आणि खालून 'कुठे दुखते?' टुणकन वर आला. मी इतका खूष झालो की मावशींना हाक मारून 'हो', 'नाही', 'हो', 'नाही' असं चारदा करून दाखवलं.

मावशी म्हणाल्या, "पडद्यामागून कुणी डोकावतंय असं वाटतं."

मग अंगात आलं. आठ नियम एकदम लावले, आणि सातवा आणि आठवा प्रश्न गायब झाले ते झालेच. काही दाबा, येत नाहीत. धाकटीने तिकडून बघितलं आणि हसत सुटली. 'सातवा दाखवा, जर आठव्याचं उत्तर आलं असेल' आणि 'आठवा दाखवा, जर सातव्याचं उत्तर आलं असेल', असं मी लावून ठेवलं होतं. दोन भिडस्त पाहुणे दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत ताटकळलेले.

आज सकाळी पुन्हा खुर्चीवर करंगळी ठेचली. झोपायच्या खोलीतली लाकडी खुर्ची आमच्या हिने आपल्या बाजूला ओढून घेतली आहे, खाटेला अगदी खेटून. मी भिंतीशी लावतो, दुसऱ्या दिवशी परत तिथेच. विचारलं तर म्हणे चष्मा ठेवायला लागते. एवढ्याशा चष्म्याला एवढी मोठी खुर्ची!

रविवार, ९ मार्च

दुकान बंद. आज घरीच परीक्षा घ्यायची ठरवलं. हिला म्हटलं, "अगं, तू गिऱ्हाईक हो. टॅबवर भरत जा. मी बघणार नाही."

"गिऱ्हाईक झाले तर घासाघीस करीन."

"कर. फॉर्ममध्ये घासाघिशीचा डबाच ठेवलेला नाही."

ही खिडकीशी बसून बराच वेळ भरत होती. बारा प्रश्नांना एवढा वेळ! मी दोनदा डोकावलो, दोनदा हाकलला गेलो. शेवटी टॅब हातात देत म्हणाली, "झालं. सोपं आहे."

आमच्या गादीबद्दल एक लिहायला हवं. ती मी स्वतःच्या हाताने केलेली पहिली गादी. लग्नानंतर दोन महिन्यांनी केली, कापूस स्वतः पिंजून आणला, टाकेही माझेच, वाकडेतिकडे. एकतीस वर्षं झाली. गिऱ्हाइकांना मी छातीठोक सांगतो, आमच्या घरची बघा. रोज सकाळी साडेपाचला हिच्या खांद्यावर हात ठेवतो, ही जागी होते, मी उठतो, आणि गादीवर एक थाप मारतो. गजराचं घड्याळ आम्ही कधी घेतलं नाही. आणि या बाईने गादीवर बसताना-उठताना एकतीस वर्षांत हूं की चूं केलेलं नाही. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

सोमवार, १० मार्च

साधन बिघडलंय. हिने भरलेल्या फॉर्मची ओळ उघडली तर त्यात असं:

पाठ दुखते का? – नाही.
कुठे दुखते? – कमरेत, डाव्या अंगाला.
केव्हापासून? – तीन वर्षं होतील.
केव्हा जास्त? – सकाळी. उठून पाच मिनिटं.

आता 'नाही' म्हटल्यावर खालचे प्रश्न दिसायलाच नकोत, तर त्यांची उत्तरं आली कुठून? धाकटीला फोन केला. आधी म्हटलं, तुझं साधन भुताने झपाटलंय. मग म्हटलं, तुझ्या आईची कल्पनाशक्ती जबरदस्त आहे, डबे चालतात की नाही बघायला काय काय रचून लिहिलंय! कमरेत काय, डाव्या अंगाला काय!

धाकटी म्हणाली, "बाबा, बिघाड नाहीये. कुणी आधी 'हो' दाबलं, खालचं भरलं, आणि मग मागे जाऊन 'नाही' केलं, तर खालचे प्रश्न लपतात. पण लिहिलेलं पुसलं जात नाही. ते झाकलेलं असतं आणि आपल्याकडे तसंच येतं."

"म्हणजे तिने दोन्ही करून बघितलं. हुशार आहे."

तर धाकटी म्हणते, "बाबा, ती खुर्ची अजून आईच्या बाजूला असते का?"

"असते ना! माझी करंगळी विचार. पण ते जाऊ दे, तू हे पुसायचं कसं ते सांग."

म्हणाली, एक बटण आहे, 'लपवल्यावर उत्तर पुसा'. सांगीन नंतर. आणि कसल्याशा मीटिंगला पळाली. या मुलांचं एका विषयावर लक्ष म्हणून राहत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

बारा जणांचे फॉर्म आले. मेट्रनबाईंनी स्वतः एकेकाच्या शेजारी बसून भरून घेतले. मागोमाग त्यांचा फोन.

"बघितलंत ना? अकरा जण म्हणतात काही दुखत नाही. एकटे पीटी मास्तर म्हणाले दुखतं, आणि त्यांना तक्रारीशिवाय करमत नाही. मग मापाच्या गाद्या हव्यात कशाला? पुढच्या शुक्रवारी मी तयार गाद्यांचं सांगून टाकते."

मी म्हटलं, पुढचा शुक्रवार म्हणजे सात दिवस आहेत ना. म्हणाल्या, आहेत. फोन ठेवला.

मावशी दारात उभ्या होत्या. झाकलेल्या यंत्रावरचं कापड उगाच नीट केलं आणि गेल्या.

शनिवार, १५ मार्च

काल लिहिताना एक गोष्ट गाळली. ती आज लिहितो, कारण वहीशी तरी खोटं नको.

अकरा 'नाहीं'च्या ओळी मी उघडून बघितल्या. 'लपवल्यावर उत्तर पुसा' हे बटण मी दाबायचं विसरलो होतो. अकरांपैकी सात जणांच्या झाकलेल्या डब्यांत मजकूर आहे. गुडघ्यापासून वर, रात्रभर. मणक्यात. कुशीवर वळता येत नाही. आधी 'हो' केलं, लिहिलं, आणि मग 'नाही'वर आले.

म्हणजे काम माझ्या मुठीत आहे. या सात ओळी बाईंसमोर ठेवायच्या, बस्स! साठ गाद्या, चारही यंत्रं चालू, नऊच्या नऊ बायका कामावर. काल दिवसभर माझा अंगठा 'पाठवा'च्या आसपास घुटमळत होता.

जेवताना हिला सांगितलं. मला वाटलं ही म्हणेल, मग पाठवा की! हिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"अजिबात पाठवायचं नाही."

"अगं, त्यांच्याच भल्याचं आहे."

"ज्याने लिहिलं आणि मग झाकलं, त्याने विचार करूनच झाकलं ना? शेजारी मेट्रन बसलेली. 'दुखतं' म्हटलं की डॉक्टर येणार, गोळी वाढणार, मुलांना फोन जाणार. कुणाला आपल्यामुळे घोळ नको असतो. कुणाला समोरच्याचं मन मोडायचं नसतं. तुम्ही कोण उघडून दाखवणारे?"

म्हटलं, "मेट्रनचं मन कशाला मोडतंय त्यात?"

"मी आपली एक गोष्ट सांगितली," म्हणाली आणि आमटी गार झाली म्हणून उठून गेली. उठताना टेबलाचा कोपरा धरला. आमटीतून तर वाफा येत होत्या.

तिचं बरोबर होतं. दुपारी बटण दाबलं आणि त्या सात ओळींमधलं झाकलेलं सगळं स्वतःच्या हाताने पुसलं. वाचून झालं होतं, हा माझा गुन्हा. पुन्हा होणार नाही.

आता हातात काही नाही आणि सहा दिवस आहेत.

मंगळवार, १८ मार्च

सापडलं! सापडलं म्हणण्यापेक्षा, पंचवीस वर्षं कोपराखाली होतं ते दिसलं.

सकाळी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नमुन्याच्या गादीवर बसून गल्ल्याच्या टेबलाकडे बघत होतो. टेबलाच्या डाव्या कोपऱ्याचं पॉलिश पार उडालंय, लाकूड गुळगुळीत, तळहाताएवढं. बाकी टेबल झकास आहे. म्हटलं, एवढाच कोपरा कसा झिजला? तेवढ्यात मावशी नवी खोळ दाखवायला आल्या, शेजारी बसल्या, उठल्या, आणि उठताना हात बरोबर तिथे ठेवला.

मी ओरडलोच, "मावशी, परत बसा!"

"का? काय चुकलं?"

"बसा तर. आता उठा."

परत तोच कोपरा. तळहात अगदी मापात बसला.

"मावशी, तुमची कंबर दुखते का हो?"

"छे! मला काय धाड भरलीय?" ठणकावून म्हणाल्या.

आणि मला सगळं लख्ख दिसलं. माझा पहिला प्रश्नच खुळचट होता. 'दुखतं का?' याला माणूस 'नाही' म्हणतो. तो सवयीने म्हणतो, कधी भिडेने, कधी समोरच्यासाठी. त्या एका 'नाही'वर मी सगळे नियम टांगून ठेवले होते, त्यामुळे सगळे दरवाजे बंद. पण उठताना हात कुठे ठेवता, हे सांगायला कुणाला संकोच होतो? त्यात कमीपणा नाही, तक्रार नाही. हात कुठेतरी ठेवावा लागतोच.

पहिला प्रश्न काढून टाकला. नवा घातला: 'सकाळी उठताना हात कुठे ठेवता?' पर्याय: गादीची कड. भिंत. खिडकीचा गज. टेबल किंवा खुर्ची. शेजाऱ्याचा हात. कुठेही नाही. इतर. आणि त्याच्याखाली नियम. 'कुठेही नाही' सोडून काहीही निवडलं, तर पुढचे उघडा: कोणता हात? ती वस्तू खाटेपासून किती लांब? उठल्यावर लगेच चालता की जरा उभे राहता? इथेही एकदा गफलत केली. 'यांपैकी कोणतीही एक अट' असं म्हणायच्या जागी 'सगळ्या अटी' ठेवलं, म्हणजे भिंत, गज, टेबल आणि शेजारी, सगळं एकदम धरणाऱ्या माणसालाच पुढचा प्रश्न दिसला असता. त्याला हात किती लागले असते देव जाणे.

मेट्रनबाईंना फोन केला. "त्याच बारा जणांना अजून एक प्रश्न."

"एकच. दोन नाहीत."

"मी एकच विचारतो. पुढचे आपोआप उघडतात."

"बरेच चलाख आहात," म्हणाल्या. पण उद्या-परवा भरून देते म्हणाल्या.

बुधवार, १९ मार्च

काल संध्याकाळी पाठवायच्या आधी हिच्याकडून पुन्हा भरून घेतलं. ही भाजी निवडत होती, मीच वाचून दाखवलं आणि बोटाने दाबत गेलो.

"सकाळी उठताना हात कुठे ठेवता?"

"खुर्चीवर," म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही.

पुढचा प्रश्न उघडला. "कोणता हात?"

"डावा."

"खाटेपासून किती लां…" आणि मी थांबलो.

हिने मान वर केली. मीही. भाजी तशीच राहिली.

आज सकाळी ही बाहेर असताना खुर्ची बघितली. पाठीच्या वरच्या कडेला, डावीकडे, रंग गेलाय. तळहाताएवढा. चष्म्याने रंग जात नाही.

दुकान आज उशिरा उघडलं.

शुक्रवार, २१ मार्च

आज मेट्रनबाई स्वतः आल्या, बारा उत्तरांचे कागद घेऊन.

भिंत, तिघे. खिडकीचा गज, दोघे. खाटेची दांडी, दोघे. एका आजोबांनी 'इतर'मध्ये लिहिलंय: 'टेबलावर. टेबलही म्हातारं आहे, दोघं मिळून उठतो.' एका आजींनी आदल्या संध्याकाळी उशाशी काठी आडवी ठेवते म्हणून लिहिलंय. 'कुठेही नाही' म्हणणारा एकच, पीटी मास्तर! दुखतं म्हणणारे तेवढे एकटेच आणि उठताना धरायला काहीच लागत नाही असेही एकटेच. आणि राहिलेल्या दोन बायका एकाच खोलीतल्या. पहिली म्हणते, 'शेजारणीच्या हातावर.' दुसरी म्हणते, 'शेजारणीच्या हातावर.' दोघी समोरासमोर बसून एकमेकींना उठवतात.

मी बाईंना दाखवलं, "या दोघींच्या गाद्या एकाच उंचीच्या लागतील. एक बोट जरी खालीवर झाली तरी एक जण ओढली जाईल. तयार गाद्यांत वजनाप्रमाणे एकीची जास्त दबते. बघा तुम्ही."

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "बावीस वर्षं मी रोज सकाळी विचारते, काही दुखतंय का? सगळे म्हणतात, नाही. मला वाटायचं, आपलं चांगलं चाललंय."

"मीही तेच विचारत होतो, बाई. परवापर्यंत."

"साठ करा," म्हणाल्या. "आणि बाकीच्या अठ्ठेचाळीस जणांच्या शेजारी मी बसणार नाही. आपापले भरतील." असं म्हणून नमुन्याच्या गादीवरून उठल्या. हात टेबलाच्या कोपऱ्यावर.

बाईंनी आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एकसष्ट," म्हणाल्या.

"तुमचा फॉर्म?"

"आत्ता बघितलात की!"

त्या गेल्या आणि मावशींनी दोन्ही यंत्रांवरची कापडं एकदम ओढली. एवढी धूळ उडाली की आनंद करायच्या आधी सगळ्याजणी शिंकल्या. मग मावशी म्हणाल्या, "मालक, माझ्यापासून सुरुवात करा म्हणाले होते ना? करा. पहिली गादी मीच शिवणार."

रविवार, २३ मार्च

आज हिच्याशी बोललो. चार दिवस दोघंही त्या विषयाला वळसा घालून चालत होतो, जसा मी खुर्चीला घालायला हवा होता.

"तीन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? रोज सकाळी उठता आणि गादीवर थाप मारता. 'बघ, अजून तश्शी आहे.' दुकानात चार माणसांसमोर सांगता. तुमची पहिली गादी."

"अगं, तिचा दगड झालाय!"

"मला माहीत आहे. मीच झोपते त्याच्यावर."

मग दोघंही इतके हसलो की शेजारच्यांनी खिडकी उघडून बघितलं. पण मला मधेच हसू आवरावं लागलं. दुनियेच्या पाठी ऐकल्या मी, आवाज न करणाऱ्याचंच जास्त दुखतं, हेही मीच इथे लिहून ठेवलंय. मागची पानं चाळली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. खुर्ची, चष्मा, प्रशस्तिपत्र. धाकटीला दोन शहरं लांबून दिसलं.

तिला फोन करून सांगितलं. म्हणाली, "चला, नियम लागू झाला एकदाचा."

रविवार, १३ एप्रिल

बरेच दिवस लिहायला सवड झाली नाही. छत्तीस गाद्या गेल्या, चारही यंत्रं खडखडतायत, नऊ जणी आहेत आणि दहावी विचारून गेली. त्या दोघी शेजारणींच्या गाद्या मी स्वतः पट्टी लावून मोजल्या.

आज आमच्या गादीचा दिवस. क्रमांक बासष्ट. मी म्हटलं माप मला पाठ आहे, तर ही म्हणाली, "नाही. सगळ्यांसारखा फॉर्म भरायचा." टॅब घेऊन खिडकीशी बसली. या वेळी मला हाकललं नाही.

"किती जण झोपणार? दोन." दुसऱ्या माणसाचे प्रश्न उघडले. नियम माझाच आहे, तरी बघायला अजून मजा येते. "दुसऱ्याने सांगा. सकाळी उठताना हात कुठे ठेवता?"

"मी? कुठेही नाही. लिही."

हिने बोट उचललं नाही. "पर्यायात नाहीये."

"अगं, आहे की, शेवटून दुसरा, 'कुठेही नाही'…"

"तुमचा पर्याय नाहीये. माझा खांदा."

"तो हात मी तुला उठवायला ठेवतो!"

"मी तुमच्या आधी जागी असते," ही म्हणाली. "रोज. हात यायची वाट बघत पडून असते."

"मग उठत का नाहीस?"

"मी उठले तर तुम्ही कशाला धरून उठाल?"

मी पलंगावर जाऊन बसलो. आडवा झालो. आणि खांदा शेजारी नसताना उठून बघितलं. दुसऱ्या खेपेला जमलं. पहिल्या खेपेला तोंडातून जो आवाज निघाला तो माझ्या कानाने बरोबर ओळखला. काथ्या, आणि वर बेताचा फोम.

मग टॅब घेतला आणि पर्याय वाढवला: 'जोडीदाराचा खांदा'. उरलेल्या गाद्यांत निदान दोन जोडपी आहेत, त्यांनाही लागेल. हिला म्हटलं, "तुझ्यामाझ्या, दोघांच्याही बाजूला कड टणक करतो. म्हणजे तुला खुर्ची नको आणि मला खांदा नको. ज्याचा तो उठेल."

हिने जरा विचार केला.

"माझ्या बाजूची करा," म्हणाली. "तुमच्या बाजूची असू दे तशीच."